खाट सात, स्कोअर शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मुलांच्या वॉर्डात. सहा आठवडे. नवी वही सुरू केली आहे, मनाला काही लागलं तर लिहून मोकळं व्हायला. पहिल्याच दिवशी लागलं.

आधी चांगलं लिहितो. मुलांचं नर्सिंग शिकून येत नाही, ते अंगात असावं लागतं, आणि माझ्या अंगात ते आहे. वर्गात मी सगळ्यांत मोठा, एकतीस वर्षांचा. बाकी सगळी एकोणीस-वीसची. पाठीमागे मला ‘काका’ म्हणतात. काही वाटत नाही. (वाटतं, पण थोडं.) मोबाईलच्या दुकानातली चार वर्षं, त्याआधी अर्धा सोडलेला फोटोग्राफीचा कोर्स, त्याआधी अर्धं सोडलेलं टायपिंग, हे सगळं मला इथे आणण्यासाठीच घडलं असणार. ताई म्हणते, तू सुरुवात फार छान करतोस. मी ते कौतुक म्हणून घेतो.

आता लागलेलं. चार वर्षांच्या एका मुलाचं रक्त घ्यायचं होतं. सुई सिस्टर टोचणार, हात मी धरणार. मी त्याला म्हटलं, अजिबात दुखणार नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त. दुखलं. तो रडला नाही, माझ्याकडे बघत राहिला. सुई निघाली, कापूस लागला, पट्टी झाली, तरी बघतच होता. दोन वाजता ड्यूटी संपवून निघालो तेव्हाही दारापर्यंत बघत होता.

सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डच्या इनचार्ज. तीस वर्षं नोकरी. आवाज कधी चढत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ‘दुखणार नाही’ असं मुलांना कधी म्हणायचं नाही. थोडं दुखेल आणि मी इथेच आहे, एवढंच म्हणायचं. मी मान डोलावली. पण सुईही जरा जाडच वाटली मला.

घरी येऊन जेवलो, पण चव लागली नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेही चव लागते का बघायला.

संकल्प: मुलांशी खोटं बोलायचं नाही. कधीच नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चेहऱ्यांचा तक्ता शिकलो, सकाळी दोन्ही पाळ्यांचे विद्यार्थी एकत्र. एका ओळीत सहा चेहरे. पहिला हसरा, त्याखाली शून्य. मग दोन, चार, सहा, आठ, आणि शेवटी दहा, त्याच्या डोळ्यांतून धारा. मुलाला विचारायचं, तुझं दुखणं यातल्या कुठल्या चेहऱ्यासारखं आहे? ते बोट ठेवील तो आकडा चार्टवर लिहायचा. वेळेवरचं औषध सगळ्यांना असतंच, पण आकडा सहा किंवा वर गेला की जादा डोस.

सिस्टरांची अट एकच. तक्ता दाखवताना आपण हसायचं नाही, हळहळायचं नाही. “आपला चेहरा घरी ठेवून यायचा,” म्हणाल्या. पाठांतरने ते लगेच लिहून घेतलं. पाठांतर म्हणजे माझ्या वर्गातली मुलगी, वय वीस. सिस्टर खोकल्या तरी लिहून घेते. मुलांचे श्वास घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजते, ओठ हलवत. दुपारी दोनला माझ्या जागी तीच येते.

मला ही अट पटली नाही. माझा चेहरा हेच तर माझं भांडवल. तो घरी ठेवला तर कामाला आलं कोण?

कालच्या मुलाला तक्ता दाखवला. त्याने दहावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पडद्याआड जाऊन उभा राहिलो. पडद्याआड खाट सात निघाली. खाटेवर नऊ वर्षांची मुलगी. सायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, कालच ऑपरेशन होऊन आत सळई बसवलेली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग उशीखालून रुमाल काढून मला दिला. किती समजूतदार मूल!

संध्याकाळी भाचीवर सराव. ताईची मुलगी, पाच वर्षांची. मामा गातो तेव्हा कसं वाटतं, विचारलं. दहा. पुन्हा विचारलं. दहा. उजेड कमी असावा.

५ फेब्रुवारी, बुधवार

खाट सातशी गट्टी जमली. मी तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणतो, कारण चार्टवरचा माझा सात तिला एकासारखा दिसला आणि तिने मला तो चार वेळा गिरवायला लावला. धाकट्या भावाचा पहिला वाढदिवस सोळा तारखेला आहे. त्याच्यासाठी ती कागदाची टोपी करते आहे. डॉक्टर म्हणालेत, पंधराला घरी.

बोलता बोलता मी तिला एक गोष्ट सांगितली जी कोणाला सांगितलेली नाही. पहिल्या लेखी परीक्षेत मी चार मार्कांनी नापास झालो. ताईला पास सांगितलं आहे. आता या वॉर्डात सिस्टरांचा शेरा चांगला आला तरच पुढे जाता येईल. मुलीला सांगायला काही हरकत वाटली नाही. पाय उंच बांधून पडलेली, सांगणार कोणाला?

मग गंमत म्हणून म्हटलं, सिस्टर हे चार्ट रोज बघतात, सगळे हसरे चेहरे आले की मी पास. ती म्हणाली, आणि रडके आले तर? मी रडका चेहरा करून दाखवला. ती हसली, पण लगेच थांबली. फार शिस्तीची आहे.

सकाळी दहा वाजताचा स्कोअर: आधी आठवर बोट ठेवलं होतं. मला वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं असेल. तिने बोट मागे नेलं, शून्यावर. म्हणाली, आता नीट आठवलं. शून्य.

माझं गुपित एका आजारी मुलीच्या गळ्यात घातलं म्हणून थोडं अपराधी वाटलं. पण गोष्टीच तर सांगतो आपण मुलांना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खाट सात: सकाळी आठ वाजता, शून्य. दहा, शून्य. बारा, शून्य. एकही जादा डोस लागला नाही.

काल दुपारनंतरचे पाठांतरचे आकडे बघितले. सहा, आठ, आठ. दोन जादा डोस. एकच मुलगी, एकच पाय! नाचता येईना, अंगण वाकडं. मुलांपुढे असा कोऱ्या पाटीसारखा चेहरा घेऊन उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? तिला दोन शब्द सांगायला हवेत, पण तिच्या वहीत जागा नसेल.

विचार पक्का होत चालला आहे. हसरा चेहरा हेच औषध. कॉलेजच्या सेमिनारला यावर बोलायचं. शीर्षक सुचलं: ‘हास्यातून वेदनामुक्ती: एका वॉर्डातला अनुभव’. ‘एका नर्सचा’ म्हणावं का? नको, नम्रता हवी.

चार वर्षांचा मुलगा आज घरी गेला. जाताना सगळ्यांना टाटा केला, मला सोडून. विसरला असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पायाचे व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. गुडघा वाकवायचा होता. मी मास्तरीणबाईंच्या समोर उभा राहून पूर्ण वेळ हसत राहिलो. तीही माझ्याकडे बघत राहिली. हूं की चूं नाही. फक्त फ्रॉकची कॉलर चावत होती. नंतर बघितलं तर कॉलरला भोक. दाढ येत असेल. तिच्या आईला सांगायला हवं. आई कामावरून पाचला येते, तोवर मी गेलेलो असतो.

कपाळावर घाम होता. पांघरूण जाड आहे, बदलून दिलं. छोट्या गोष्टीच मोठ्या असतात.

स्कोअर शून्य. व्यायामाच्या बाई तिला म्हणाल्या, खरंच? ती म्हणाली, खरंच. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नम्रपणे खाली बघितलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर सकाळीच राउंडला येतात, म्हणजे माझ्या पाळीत. चार्ट उघडून म्हणाले, सकाळचे सगळे शून्य, छान, दुखणं उतरतंय. आणि वेळेवरच्या औषधातलं एक बंद केलं. माझ्या आकड्यांवरून! मोबाईलच्या दुकानात चार वर्षं काढली, तिथे मालकाने माझ्या सांगण्यावरून पंखासुद्धा बंद केला नव्हता.

एक लक्षात आलं. मी जवळ गेलो की तिची नाडी वाढते. परवा १२४, काल १२८, आज १३२. सगळं नीट लिहून ठेवलं आहे. मुलं आवडत्या माणसाला बघून हरखतात, त्याचा पुरावा याहून चांगला कुठला? सेमिनारमध्ये आलेख दाखवायचा.

सिस्टरांनी सही करताना विचारलं, श्वास पूर्ण मिनिट मोजले का? मी म्हटलं, हो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले होते. गणिताने एकच उत्तर येतं.  तरी जिना उतरताना पाठांतर ओठ हलवते ते डोळ्यांसमोर आलं. खाई त्याला खवखवे, पण मी काही खाल्लेलं नाही.

सोमवारपासून पूर्ण मिनिट. नक्की.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. ताईने माझा पांढरा युनिफॉर्म स्वतः इस्त्री केला. म्हणाली, एक तरी गोष्ट शेवटपर्यंत नेतोयस, बरं वाटतं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, कॉलर जरा जास्त कडक हवी.

मग स्वतःहून भांडी घासली. तिने लगेच विचारलं, काय झालं? काही नाही, म्हटलं. माणसाने भांडीसुद्धा घासू नयेत का?

भाचीने तक्ता पळवला आणि सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्याला मिशा काढल्या. नवा मागावा लागेल. सिस्टरांना कारण काय सांगू?

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ८. मास्तरीणबाईंनी विचारलं, दादा, तुमची ड्यूटी किती वाजता संपते? दोनला, म्हटलं. तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहालाही घड्याळच बघत होती. बाराला पुन्हा विचारलं. आपण जाऊ नये असं कोणाला तरी वाटतं, हे आयुष्यात फार कमी वेळा होतं. दुकानातून निघालो तेव्हा मालकाने फक्त किल्ली मागितली होती.

दुपारी २. निघालो. पाठांतर आली आणि मी जिन्यापर्यंत पोचलो नाही तोच वॉर्डातून रडण्याचा आवाज. खाट सात. मोठ्याने, हुंदके देऊन. माझ्यासमोर सात दिवसांत एकदाही रडली नव्हती! पाय अडखळले. परत जावंसं वाटलं. पण इतका लळा लावणंही बरं नाही. नर्सने थोडं अंतर ठेवावं, पुस्तकात आहे.

रात्री. (खरं म्हणजे साडेआठ.) दोन-तीन गोष्टी मनात येतात त्या लिहून टाकतो म्हणजे जातील. सकाळी तिने केळं खाल्लं नाही, मला दिलं. मी खाल्लं. ताप ३७.९ होता, मी पांघरुणामुळे म्हणून लिहिलं. टोपीचा कागद शनिवारपासून तसाच पडला आहे. नाडी १३६. श्वास पूर्ण मिनिट मोजायचे राहिले, कारण ती बोलायला लागली. बोलली काय, तर पंधराला नक्की घरी ना?

अपराधी वाटण्याचं काही कारण नाही. वाटतं आहे, ते केळ्यामुळे असावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहितो. जे झालं ते क्रमाने.

दहाला सिस्टर स्वतः तक्ता घेऊन आल्या. मी त्यांच्या मागे उभा राहिलो, तिला धीर यावा म्हणून हसत. तिने सिस्टरांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शून्यावर बोट ठेवलं. सिस्टर मागे वळल्या नाहीत. तिची नजर कुठे जाते ते त्या बघत होत्या. म्हणाल्या, “ब्रदर, जरा चादरी घेऊन या.”

चादरींची खोली दुसऱ्या टोकाला. मी डाग नसलेल्या निवडल्या. परत आलो तर सातचा पडदा ओढलेला. आतून सिस्टरांचा आवाज येत होता.

“आता दुखतंय ते आठवर. आणि ते दादा असतात तेव्हा?”

“ते असले की शून्य.”

“का गं?”

“नाहीतर ते नापास होतील,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “रडतात ते.”

मी चादरी घेऊन उभा राहिलो.  कोणीतरी त्या माझ्या हातातून घेतल्या.

डॉक्टर आले, पट्टी सोडली. जखमेच्या आत पू झाला होता. ताप ३८.६. दुपारी पुन्हा ऑपरेशन थिएटर. तिला नेताना मी ट्रॉलीमागे चाललो, दारापर्यंत. तिने मान वळवून विचारलं, दादा, आता तुमचं काय?

नंतर सिस्टरांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझे चार्ट. सकाळचे शून्य, सुरेख अक्षरात, गिरवलेले. शेजारी माझ्याच हातची नाडी: १२४, १२८, १३२, १३६. हे आकडे तुम्हीच लिहिलेत, म्हणाल्या. काय वाटलं तुम्हाला?

मी सांगितलं. मला बघून तिला आनंद होतो असं वाटलं.

हे वाक्य मी मोठ्याने बोललो. वहीत ते इतकं वाईट दिसलं नव्हतं.

सिस्टरांनी चार्ट सरळ करून एकावर एक ठेवले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “तिचा पाय इतके दिवस सांगत होता. आपण ऐकलं नाही.”

आपण, म्हणाल्या. मी म्हटलं, चूक माझी आहे. त्यांनी चार्टच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “सही माझी आहे.” आणि अहवाल लिहायला बसल्या. तीस वर्षांत त्यांना असा अहवाल किती वेळा लिहावा लागला असेल? विचारायची हिंमत झाली नाही.

तक्त्याची पद्धत मुळातच सदोष असल्यामुळे

वरची ओळ खोडली. पूर्ण करवेना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जखम साफ झाली. पाय वाचेल, चालेल, पळेलसुद्धा, डॉक्टर म्हणाले. पण अजून दोन आठवडे इथे. सोळाचा वाढदिवस गेला.

दोन दिवस आधी कळलं असतं तर? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तर कदाचित नुसत्या औषधावर भागलं असतं. कदाचित, म्हणाले. हा शब्द मी दिवसभर चघळतो आहे. एकदा वाटतं, कदाचित म्हणजे नाहीसुद्धा. मग स्वतःचीच लाज वाटते.

तिची आई आज कामावर गेली नाही. मला बघून उठली. म्हणाली, तुम्हीच ते दादा ना, तुमचं फार नाव काढते ती. आणि माझे आभार मानले. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. सिस्टर शेजारी होत्या. त्यांनी मला आधीच बजावलं होतं की घरच्यांना सगळं सांगायचं, तुम्ही हजर असताना, आणि मध्ये बोलायचं नाही. त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची सहीसुद्धा.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग सिस्टरांना नाही, मला विचारलं, “म्हणजे रोज सकाळी तिला दुखत होतं?”

हो, म्हटलं.

“किती दिवस?”

रविवारी माझी सुट्टी होती. सहा सकाळी, म्हटलं.

 ती वळून मुलीच्या अंगावरचं पांघरूण नीट करत बसली. ते नीटच होतं.

मी सेमिनारसाठी लिहिलेला वेदनामुक्तीचा कागद फाडून टाकला. दोन तुकडे. मग वाटलं, कोणी जोडून वाचेल. बारीक तुकडे केले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला सांगितलं. जेवण झाल्यावर, भांडी घासायच्या आधी, म्हणजे लाच वाटायला नको. आधी मुलीचं सांगितलं, सगळं. मग म्हटलं, अजून एक आहे. पहिल्या परीक्षेत मी नापास झालो होतो, चार मार्कांनी.

ताई म्हणाली, माहीत आहे.

कॉलेजचा मेसेज तिच्याच फोनवर येतो, फॉर्म भरताना मीच तिचा नंबर दिला होता. दोन महिने तिला माहीत होतं. मी चिडलो. चिडायचा हक्क नव्हता, तरी. विचारलं, मग बोलली का नाहीस?

“तू इतका खूश दिसत होतास,” ताई म्हणाली. “तुझं तोंड पडलं की घरात बघवत नाही. लहानपणापासून.”

 म्हणजे ताईही. फोटोग्राफीच्या वेळीही असणार. मोबाईलच्या दुकानातही असणार. किती जणांनी माझ्याकडे बघून शून्यावर बोट ठेवलं असेल?

एकटी भाची तेवढी खरं सांगते. गाणं, दहा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मला मुलांपासून दूर ठेवलं आहे. स्टोअरमध्ये पट्ट्या, नळ्या, छोट्या मापाचे बीपीचे पट्टे मोजायचे. पाठांतर आली. मला वाटलं, आता हिशेब चुकता करणार. तिने आपली वही पुढे केली. श्वास मोजायची पानं. म्हणाली, मूल बोलायला लागलं तर मोजणं सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, मला दोनदा-तीनदा करावं लागतं. मी विचारलं, तुझं तोंड इतकं कोरं कसं राहतं? म्हणाली, राहत नाही, बाथरूममध्ये जाऊन रडते. मग ते लिहून ठेवते.

मी तिला मनात काय काय म्हटलं आहे ते या वहीत आहे. मागची पानं वाचवत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज त्या बाळाचा वाढदिवस. कुठेतरी टोपीशिवाय झाला असेल.

आरशासमोर कोरा चेहरा करायचा सराव. सोपं नाही. ओठ सरळ केले तर भुवया वर जातात. भाची दारात येऊन बघत होती. म्हणाली, मामा, तुला शिक्षा झाली आहे का?

हो, म्हटलं. ती म्हणाली, मग ठीक आहे, आणि शेजारी येऊन तीही करायला लागली. तिला लगेच जमलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शेरा मिळाला. ‘मुलांबद्दल जिव्हाळा आहे. निरीक्षण करतात, पण वाचत नाहीत. पोस्टिंग पहिल्या दिवसापासून पुन्हा.’ म्हणजे नापास. पण काढून टाकलं नाही. मी सिस्टरांना म्हटलं की मुलांच्या वॉर्डाला मी लायक नाही. (खरं तर त्यांनी नाही म्हणावं असं वाटत होतं.) त्या नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, दहा वाजत आले, सातचा स्कोअर घ्या. मी मागे उभी आहे.

तक्ता घेऊन गेलो. नवा, बिनमिशांचा. ती वाळली होती. आधी श्वास मोजले, घड्याळ धरून. ती मध्येच बोलली. मी सोडून दिलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ओठ हलत होते. बत्तीस.

तिने विचारलं, तुम्ही पास झालात का?

“नाही,” मी म्हटलं. “नापास. पहिल्यापासून पुन्हा.”

तिचं तोंड एवढंसं झालं. “पण मी तर सगळे हसरे दिले होते.”

मला काय म्हणायचं ते ठरवून आलो होतो, चांगलं चार ओळींचं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. मी विचारताना उत्तर आधीच ठरवून यायचो. माझा पास-नापास तुझ्या पायाचं काम नाही. आज जे असेल ते दाखव, मी रडणार नाही. मग खोटं नको म्हणून म्हटलं, रडलो तर बाथरूममध्ये जाऊन रडेन.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मी तोंड धरून ठेवलं. भुवया कुठे होत्या ते माहीत नाही.

मग तिने आठवर बोट ठेवलं. आणि उचललं नाही.

आठ लिहिला. जादा डोस काढला, वजनाप्रमाणे मोजून, सिस्टरांना दाखवून, दिला. सिस्टरांनी आधी आकडे वाचले, मग सही केली. अर्ध्या तासाने परत विचारायचं असतं. विचारलं. चार. तिचे खांदे खाली आले होते. सात दिवस मी ते खांदे बघत होतो, आणि ते वर ओढलेले आहेत हे मला आज कळलं, खाली आल्यावर.

मी तक्ता उचलायला गेलो तर तिने तो माझ्या हातातून घेतला आणि उलटा फिरवून माझ्यापुढे धरला.

“तुमचं किती?”

विचार करायच्या आत माझं बोट हसऱ्या चेहऱ्यावर गेलं होतं.

“खोटं,” ती म्हणाली.

मी बोट सरकवलं. तिने आकडा बघितला. हसली नाही, हळहळली नाही, काही बोललीसुद्धा नाही. चेहरा अगदी कोरा ठेवला, सिस्टर सांगतात तसा, आणि लिहायला माझ्याकडे पेन मागितलं.